‘इको’ला स्कोप आहे का, ताई?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा लातूर जिल्ह्यातला. बी.एस्सी. ॲग्रीचं शेवटचं वर्ष, ‘रावे’साठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या गावच्या प्रत्यक्ष कामासाठी, सध्या खेड्यात मुक्काम. घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. धाकटा भाऊ बारावीला. पुढे तीन वाटा आहेत. एक, कृषी अर्थशास्त्रात, म्हणजे ‘इको’त, एम.एस्सी. दोन, एका खासगी संस्थेतून ॲग्रिबिझनेसचं एम.बी.ए., खर्च १२ लाख, सगळा कर्जाने. तीन, मित्रांबरोबर पुण्यात खोली घेऊन एमपीएससी. सीनियर म्हणतात, ‘ज्याला ॲग्रोनॉमी नाही, हॉर्टी नाही, तो इको घेतो.’ वडील म्हणतात, ‘शेतीचं अर्थशास्त्र शिकायला कॉलेजात कशाला जायचं? ते आम्हाला दर सुगीला कळतंय की.’ प्रश्न असा की स्कोप कशाला जास्त आहे, आणि शेतीवर शिकून शेतीतूनच बाहेर पडायचं, हे पळून जाणं नाही का?

सहीच्या खाली एक ताजा कलम आहे: ‘२०२४ साली खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं तेव्हा बाबांनी सोयाबीन दिवाळीनंतरही थप्पीला ठेवलं. भाव वाढलाच नाही. का वाढला नाही, हे मला त्यांना सांगता आलं नाही.’

---

तुझ्या पत्रात ‘स्कोप’ हा शब्द सहा वेळा आलाय. मी मोजला. पण पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू ताज्या कलमात ढकललंस, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. तेव्हा बाहेरचं तेल महागलं की आपलं सोयाबीन चढणार, असा सरळ हिशेब सगळ्यांनीच केला, एकट्या तुझ्या बाबांनी नाही. तो फसला, कारण सोयाबीन हे नावालाच तेलबी आहे. १०० किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं साधारण १८ किलो, आणि पेंड ८० किलोच्या आसपास. म्हणजे गिरणीवाल्याला परवडतं की नाही, हे बरंचसं पेंडीवर ठरतं. त्या वर्षी जगात सोयाबीन मुबलक होतं आणि आपली पेंड बाहेरच्या बाजारात महाग पडत होती. देशातच पेंडीला आणखी एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि मक्यापासूनचं इथेनॉल जोरात सुरू झालं. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो प्रथिनांनी भरलेला आणि पेंडीपेक्षा स्वस्त. कोंबडीखाद्यवाले आणि पशुखाद्यवाले तिकडे वळले. तेल चढलं, पेंड पडली, आणि ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजार समितीत सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं.

आता बघ. तेलाच्या शुल्काचा, उसाच्या रसाचा, मक्याच्या चोथ्याचा आणि औशाच्या रस्त्याकडेला रचलेल्या तुमच्या थप्पीचा एकमेकांशी संबंध लावणं, हेच कृषी अर्थशास्त्र. हे वाचताना तुला ‘अच्छा, असं होतं तर’ असं वाटलं असेल आणि लगेच पुढचा प्रश्न सुचला असेल, तर तुझा कल कुठे आहे ते तुलाच कळलं. आणि ‘बरं, पण मग आपण ती पेंड कुणाला, कशी विकायची? गोदाम कुठे घ्यायचं?’ असं मनात आलं असेल, तर तू ॲग्रिबिझनेसचा माणूस झालास. दोन्ही चांगलेच, पण वेगळे. आपल्याकडे ‘इको म्हणजे थिअरी, एम.बी.ए. म्हणजे प्रॅक्टिकल’ अशी फाळणी करून टाकलीय, ती मला अजिबात पटत नाही. एक जण विचारतो, भाव असा का झाला आणि त्यात कुणाच्या हाती काय पडलं. दुसरा विचारतो, आहे त्या भावात धंदा उभा कसा करायचा. रात्री झोप कोणत्या प्रश्नाने उडते, ते तू ठरव.

आता तुझ्या बाबांचं वाक्य. त्यांना सुगीला कळतं, हे खरंच आहे. पण त्यांची डायरी माग एकदा. एकराचा हिशेब बहुधा असा असेल (आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, तू तुमचे घाल): बी, खत, फवारणी, खुरपणी, काढणी, मळणी धरून रोख खर्च १८,००० रुपये. उतारा ८ क्विंटल, भाव ४,२००. आले ३३,६००. बाबा म्हणणार, एकरी १५,६०० सुटले. आता आई आणि बाबांचे मिळून २० दिवस धर, ४०० रुपये रोजाने ८,००० झाले. आणि तेच रान दुसऱ्याला खंडाने दिलं असतं तर १०,००० आले असते, तेही धर. आता एकरी खर्च ३६,०००, म्हणजे २,४०० रुपयांचं नुकसान. रान तेच, पीक तेच, पावती तीच, फक्त खर्चाची व्याख्या बदलली.

क्विंटलमागे हा खर्च अनुक्रमे २,२५०, ३,२५० आणि ४,५०० येतो. पहिल्याला ए-टू म्हणतात, दुसऱ्याला ए-टू अधिक एफएल (एफएल म्हणजे घरच्यांची मजुरी), तिसऱ्याला ढोबळमानाने सी-टू (त्यात स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही येतं, ते मी सोडलंय). सरकार दीडपट हमीभाव देतो म्हणतं ते मधल्या आकड्यावर, शेतकरी संघटना मागतात ते शेवटच्यावर. आपल्या उदाहरणात मधल्याची दीडपट ४,८७५ होते आणि शेवटच्याची ६,७५०. रस्त्यावर जे भांडण चालतं ते या १,८७५ रुपयांचं आहे. बाबांना सुगीला हे जाणवतं. जे जाणवतं ते दुसऱ्याला कागदावर मोजून दाखवता येणं, यासाठी शिकावं लागतं.

मी स्वतः एम.एस्सी. झाल्यावर काही काळ उत्पादन खर्च काढण्याच्या सरकारी योजनेत गावोगाव नोंदी घेत हिंडले. ही योजना १९७०-७१ पासून चालू आहे आणि हमीभावाच्या शिफारशीमागे तिचेच आकडे असतात. एका घरी कापसाच्या वेचणीचे दिवस होते. मी विचारलं, घरच्या बाईमाणसाचे किती दिवस लिहू? कर्ता पुरुष म्हणाला, ‘ती कुठं कामाला जाते, घरीच असते.’ त्या बाई चहा घेऊन आल्या. कप धरलेल्या बोटांना, नखांच्या कडेने, बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते, काही ताजे. मी त्यांनाच विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून दिवस सांगितले आणि वर म्हणाल्या, ‘सकाळचं पाणी आणणं धरायचं का यात?’ त्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. पण ‘इको म्हणजे नुसती आकडेमोड’ असं कुणी म्हणालं की मला ती बोटं आठवतात.

तर एम.एस्सी.बद्दल. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही कृषी विद्यापीठांत हा विषय आहे. राज्याबाहेर जायचं तर आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, प्रवेश परीक्षा आहे, तिच्यातून दिल्लीच्या पुसा संस्थेपर्यंत जाता येतं आणि वरच्या क्रमांकांना शिष्यवृत्तीही मिळते. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे. ज्यांना वाटतं अर्थशास्त्रज्ञ नुसते अहवाल लिहितात त्यांच्यासाठी सांगते, याच संस्थेचे धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विख्यांच्या बरोबरीने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. सरकारी विद्यापीठात फी परवडणारी असते, हा मोठा फायदा.

पण सीनियर म्हणतात त्यातही तथ्य आहे, ते झाकून ठेवत नाही. आपल्याकडे इकोचे बरेच प्रबंध एकाच साच्यातून निघतात. एक जिल्हा, तीन तालुके, नव्वद शेतकरी, ‘अमुक पिकाचा उत्पादन खर्च, नफा आणि विक्रीव्यवस्था’. कॉब-डग्लस हे उत्पादनाचं ठरलेलं सूत्र लावायचं, ते आकड्यांना किती जुळतं ते सांगणारा आर-स्क्वेअर बरा आला की चहा प्यायचा, आणि शेवटी अडचणींच्या तक्त्यात ‘मजुरांची टंचाई’ पहिल्या क्रमांकावर. तू हेच करणार असशील तर दोन वर्षं वाया. म्हणून अर्ज करण्याआधी परभणीला किंवा जिथे जाणार तिथे जाऊन ग्रंथालयात गेल्या पाच वर्षांतले इकोचे प्रबंध चाळ. एक दिवस पुरतो. ज्या मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांनी काहीतरी वेगळं केलेलं दिसेल, म्हणजे रोजच्या बाजारभावांचा अभ्यास, पीकविम्याचं गणित, गोदाम पावतीवरचं कर्ज, त्यांना भेट. विषय निवडण्याइतकाच मार्गदर्शक निवडणं महत्त्वाचं, आणि ते कुणी सांगत नाही. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती आत्ताच घालव. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव पडलेले आहेत. लातूरच्या सोयाबीनची पाच वर्षांची आवक आणि भाव उतरवून त्याचा साधा आलेख काढ. हे करताना कंटाळा आला तर तेही उत्तरच आहे.

पुढे नोकऱ्या? नाबार्ड, बँकांमधली कृषी अधिकारी पदं, शेतमालाच्या बाजारावर संशोधन करणाऱ्या कंपन्या, पतमानांकन संस्था, प्रकल्पांवरची कामं, आणि नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, होऊन पीएच.डी. केली तर अध्यापन. प्राध्यापकीच्या जागा कधी आणि किती निघतात ते मात्र विभागातल्या पीएच.डी.वाल्यांना विचार. ते तुला चहा पाजून खरं सांगतील.

आता एम.बी.ए. इथे मला जरा कडक बोलायचंय. ॲग्रिबिझनेसचं शिक्षण उत्तम मिळतं अशा जागा देशात आहेत. आयआयएम अहमदाबाद आणि लखनौचे या विषयाचे खास अभ्यासक्रम, हैदराबादच्या मॅनेज आणि नार्म, जयपूरची नियाम, आणंदची इर्मा, आपल्या पुण्यातली वैकुंठ मेहता संस्था. यांतल्या बऱ्याच ठिकाणी कॅट या प्रवेश परीक्षेचे गुण लागतात, आणि मॅनेजसारख्या ठिकाणी तर कृषी आणि संलग्न पदवीधरांनाच प्रवेश आहे. म्हणजे तुझी बी.एस्सी. ॲग्री तिथे ओझं नाही, तीच तुझी किल्ली आहे. तू मात्र पत्रात कॅटचा ‘क’सुद्धा लिहिलेला नाहीस. थेट १२ लाखांच्या खासगी संस्थेवर गेलास, बहुधा त्यांचा फोन आला म्हणून.

१२ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं फेड. हप्ता महिन्याला साधारण १६,५०० रुपये, वर्षाचे १,९८,०००, आणि शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज वेगळं. तुमची पाचही एकर सोयाबीनखाली धरली तरी वरच्या हिशेबाने बाबांच्या हाती हंगामाला ७८,००० सुटतात. नोकरी सहा महिने लांबली तर हा हप्ता कोण भरणार, ते कागदावर लिहून काढ. शिवाय साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची पतहमी योजना आहे, म्हणून तारण मागितलं जाऊ नये अशी अपेक्षा असते. त्याच्या वर गेलास की बँक बहुधा तारण मागणार. बाबा देतीलही. म्हणूनच तू मागू नकोस.

त्या संस्थेला चार गोष्टी विचार. सर्वांत मोठं पॅकेज किती हे विचारायचंच नाही, ते फलकावर असतंच. मुलांना पगारानुसार रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले? किती जण खत-बियाणं-औषधांच्या विक्रीत गेले? त्यांतले दोन वर्षांनी किती टिकले? आणि माझ्या जिल्ह्यातल्या तीन माजी विद्यार्थ्यांचे नंबर द्याल का? चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पहिल्या तिन्हींची उत्तरं मिळाल्यासारखीच आहेत. माझ्या बरोबरचा एक जण अशाच एका संस्थेतून एम.बी.ए. होऊन औषध कंपनीत लागला. मार्चअखेरीला टार्गेट पूर्ण करायचं म्हणून विक्रेत्यांच्या गोदामात माल कोंबायचा आणि जूनमध्ये परतीचा माल उचलायचा, हे त्याचं ॲग्रिबिझनेस. त्याच्या शेजारच्या टेबलावर साधा बी.एस्सी. ॲग्री झालेला मुलगा तेच काम करत होता, कर्जाशिवाय.

एमपीएससीबद्दल थोडंच बोलते. पत्रात त्या वाटेबद्दल तुझं एकच वाक्य आहे, ‘सगळे चाललेत.’ कृषी सेवेत जायची खरी ओढ असेल तर जा, पण किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या महिन्यात थांबायचं ते आज लिहून आईकडे ठेव. पुण्यातल्या खोलीत बसून तारखा ठरत नाहीत.

तुझ्या यादीत नसलेली एक वाट मला सुचते: एक वर्ष थांब. तुझ्या आजूबाजूला शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच आहेत. केंद्राच्या २०२० च्या योजनेतल्या कंपन्यांना सीईओच्या पगारासाठी पहिली तीन वर्षं महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, म्हणून तिथे शिकलेल्या मुलांची गरज असते. सीईओ नाही तर हिशेबनीस म्हणून लाग, हमीभाव खरेदीच्या हंगामात केंद्रावर उभा राहा. ओलावा मोजायच्या यंत्रावर १२ चा आकडा ओलांडला की माल परत जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ केली, तोवर कितीतरी जणांनी आपला माल व्यापाऱ्याच्या दारात ओतला होता. यंत्रावर १४ दिसल्यावर ट्रॅक्टर वळवणाऱ्या माणसाचा चेहरा तू बघितलेला असेल, तर पुढे वर्गात कोणी ‘विक्रीव्यवस्थेतील अडचणी’ म्हणालं की तुला हात वर करून बोलता येईल. हे वर्ष कॅटच्या किंवा आयसीएआरच्या तयारीलाही मिळतं. आणि चांगल्या संस्थांत मुलाखतीला असा अनुभव कामी येतो. मुलाखती घेणाऱ्यांत मीही बसलेय.

राहिलं पळून जाणं. पाच एकर कोरडवाहू, दोन भाऊ. तुम्ही दोघंही त्यावर बसलात तर जमीन कुणालाच पोसणार नाही. लातूरसारख्या भागात एका मुलाचा महिन्याचा ठरलेला पगार हा पीकविम्यापेक्षा भरवशाचा विमा असतो, भरपाईला पंचनामा लागत नाही. शिकलेलं सगळं त्याच पाच एकरांत परत ओतायचं अशी अट तू स्वतःवर का घालतोस? बाबांनी ती घातल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. त्यांनी फक्त टोमणा मारलाय.

माझं मत विचारशील तर कॅट एकदा दे, मनापासून. जमलं आणि धंदा उभा करायचीच हौस असेल, तर चांगल्या संस्थेसाठी कर्ज काढायला मी हरकत घेणार नाही. नाही जमलं तर एम.एस्सी., मार्गदर्शक बघून. १२ लाखांची ती संस्था मात्र यादीतून काढ. पण ताजा कलम असा लिहिणारा मुलगा शेवटी इकोत जाईल असा माझा अंदाज आहे, आणि अंदाज चुकण्याचा अनुभव मला भरपूर आहे.

या आठवड्यात एवढंच कर. रात्री जेवणं झाल्यावर बाबांना तेल, पेंड आणि मक्याच्या चोथ्याची गोष्ट सांग. ते ऐकून घेतील आणि मग नक्की विचारतील, ‘म्हणजे औंदा मका लावू का?’ उत्तर द्यायची घाई करू नकोस. आधी विचार, शेजारच्या रानात कोण कोण मका लावतंय.